पाठवण्याआधी पोचलेली तार

माझी सारी नोकरी तारखात्यात गेली, त्यातली बहुतेक वर्षे अकोल्यात. २०१३ च्या जुलैमध्ये तारसेवा कायमची बंद झाली, तेव्हा मी निवृत्त होऊन बार्शीटाकळीला घरी येऊन बसलो होतो. खरे सांगायचे तर फारसे वाईट वाटले नाही. ज्याचे काम संपले त्याने उठावे, हा जगाचा नियम आहे. पण चाळीस वर्षांच्या नोकरीतल्या काही सवयी माणसासोबत मसणवट्यापर्यंत येतात. माझी एक सवय अशी, की कुठलाही कागद हाती आला की मजकूर मी नंतर वाचतो, आधी त्याच्यावरची वेळ वाचतो. तारेवर दोन वेळा असायच्या. एक ती पलीकडच्या कचेरीत दाखल झाल्याची आणि दुसरी आमच्याकडे मिळाल्याची. ‘वडील अत्यवस्थ, ताबडतोब या’ ही तार तासापूर्वीची आहे की कालची, यावर माणसाने रडत गाडी पकडायची की शांतपणे जायचे हे ठरायचे. वेळ नसलेली बातमी अर्धीच असते, हे मी तिथे शिकलो.

ही सवय गेल्या वर्षी घरातच उपयोगी पडली, म्हणून आज हा लेखप्रपंच.

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा इंजिनिअर. अमरावतीला शिकला, काही वर्षे पुण्याला कंपनीत होता, वडिलांच्या आजारपणात गावी परतला आणि इथेच राहिला. बारा एकर शेती पाहतो, तूर, सोयाबीन, कपाशी घेतो. आणि माडीवरच्या टिनाच्या खोलीत कॉम्प्युटरवर शेअरबाजाराचे सौदे करतो. तेही स्वतः बटण दाबून नव्हे. भाव असा झाला तर घे, तसा झाला तर वीक, असे नियम त्याने प्रोग्रॅमच्या रूपाने लिहून ठेवले आहेत, आणि ब्रोकरच्या यंत्रणेला जोडलेला तो प्रोग्रॅम दिवसभर आपोआप सौदे टाकत असतो. आता खेड्यापाड्यांतली शिकलेली पोरे हे करू लागली आहेत. त्यात चोरी नाही की लबाडी नाही, म्हणून मी कधी बोललो नाही.

एप्रिल महिना होता. धाकटी भावजय जिन्याखाली उभी राहून म्हणाली, ‘दादा, पोरगं दोन दिसापासून धड जेवलं नाही. तुमी जरा पाहा.’ वर गेलो. पंखा गरम वारा फेकत होता. पोरगा कागदांच्या ढिगात बसलेला. तुरीच्या पैशांपैकी बासष्ट हजार रुपये अकरा मिनिटांत गेले होते.

‘काका, प्रोग्रॅम बरोबर व्हता. तीनदा तपासला. भावच उशिरा आले वाटते, पण तसं दिसत नाही ना.’

‘नोंद ठेवली का?’

त्याने नोंदीचे छापील कागद पुढे केले. मी चष्मा लावला आणि सवयीप्रमाणे भाव न वाचता वेळांचे दोन रकाने वाचले. पहिल्या रकान्यात एक्स्चेंजने भाव पाठवल्याची वेळ, दुसऱ्यात याच्या कॉम्प्युटरला तो मिळाल्याची.

‘हे पाह्य,’ मी म्हटले, ‘तिकून निघाला दहा वाजून चौदा मिनिटं सात सेकंदाले, अन् तुह्याकडे मिळाला दहा चौदा तीनले. पाठवण्याच्या आधी पोचला कसा? अशी तार मी घेतली असती तं सायबानं मले घरी बसवलं असतं.’

पोरगा कागदाकडे पाहतच राहिला.

चार सेकंदांचा घोटाळा

झाले होते ते असे. इंटरनेट अडखळले की भाव उशिरा येतात, हे त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने शहाणपणाने नियम घातला होता, की दोन सेकंदांपेक्षा जुना भाव दिसला तर सौदा करायचा नाही. आता भाव किती जुना आहे हे कसे कळणार? आपल्या घड्याळातली वेळ घ्यायची आणि त्यातून एक्स्चेंजने मारलेली वेळ वजा करायची. पण त्याचे घड्याळच चार सेकंद मागे होते. त्यामुळे सहा सेकंदांपूर्वीचा शिळा भाव त्याला दोनच सेकंदांचा, म्हणजे ताजा दिसत होता. आणि खरोखर ताजा भाव आला की वजाबाकी शून्याच्याही खाली जात होती. तो जणू चार सेकंद पुढच्या काळातून आलेला! अशा वेळी माणूस थबकला असता. यंत्र थबकत नाही. दोनपेक्षा कमी ना, मग ताजाच, असे म्हणून त्याने सौदे टाकले. त्या दिवशी साप्ताहिक सौद्यांची मुदत संपत होती. बाजार वर-खाली उड्या मारत होता आणि भावांची जुनी रांग एकदम येऊन आदळली होती. मिळेल त्या भावाला घ्या, असा हुकूम यंत्राला होता. त्याने घेतले.

घड्याळ मागे का पडले? कॉम्प्युटरमधले घड्याळ म्हणजे क्वार्ट्‌झचा एक लहानसा स्फटिक. तो ठरावीक गतीने कंप पावतो आणि ते कंप मोजून वेळ काढली जाते. उष्णतेने त्याची गती किंचित बदलते. अकोल्याचा उन्हाळा आणि टिनाचे छप्पर, मग काय विचारता! दिवसाला सेकंदभराचा फरक पडला तरी आठवडा न होता चार सेकंद होतात. एरवी कॉम्प्युटर इंटरनेटवरून आपली वेळ आपणच दुरुस्त करून घेतो. याने मधे सगळे नव्याने बसवले, तेव्हा ती सोय बंदच राहून गेली होती.

ही दुरुस्ती कशी होते ते मला त्याच्याकडून कळले, आणि ते मोठे गमतीचे वाटले. समजा माझे घड्याळ बार्शीटाकळीत आहे आणि दुसरे अकोल्यात, वीसेक किलोमीटरवर. मी एका पोराला चिठ्ठी देऊन सायकलवर पाठवले. तो निघाला तेव्हा माझ्या घड्याळात दहा वाजले होते. अकोल्याला पोचला तेव्हा तिथल्या घड्याळात अकरा वाजून तीन मिनिटे झाली होती. दहा मिनिटे टेकून तो अकरा-तेराला निघाला आणि माझ्या घड्याळाप्रमाणे बारा-दहाला परत आला. एकूण गेली १३० मिनिटे, त्यातली दहा बसण्याची, म्हणजे वाटेची १२०. जाण्याला साठ, येण्याला साठ. म्हणजे माझ्या हिशेबाने तो अकरा वाजता पोचायला हवा होता, अकोल्याचे घड्याळ सांगते अकरा-तीन. तेव्हा ते माझ्यापेक्षा तीन मिनिटे पुढे. जगभरचे कॉम्प्युटर आपली घड्याळे याच त्रैराशिकाने जुळवतात, फक्त सायकलीच्या जागी तारेतला संदेश असतो.

पण यात एक मेख आहे. जाण्याला आणि येण्याला सारखाच वेळ लागला, हे आपण गृहीत धरले. जाताना वारा तोंडावर असेल तर? जायला ६६ मिनिटे आणि यायला ५४ लागली असतील, तर आपला हिशेब सहा मिनिटांनी चुकला आणि चुकल्याचे कळणारही नाही. म्हणून जाणती माणसे एकदा नव्हे, अनेकदा संदेश पाठवतात, सगळ्यांत लवकर परतलेल्यावर अधिक विश्वास ठेवतात आणि घड्याळ बरोबर आहे असे न म्हणता, ‘इतक्या फरकाच्या आत बरोबर आहे’ असे म्हणतात. तारखात्यात आम्ही इतके बारीक काततो असे नाही, पण हा नम्रपणा मला आवडला.

वऱ्हाडाला हे नवे नाही

कुणी म्हणेल, हे सेकंदांचे दुखणे मुंबईच्या दलालांचे, आपल्या वऱ्हाडाचा काय संबंध? संबंध दीडशे वर्षांचा आहे. १८६९ त सुएझचा कालवा उघडला. १८७० त इंग्लंडपासून मुंबईपर्यंत समुद्रातून तारेची केबल आली. त्याच साली लॉर्ड मेयो या व्हाइसरॉयच्या हस्ते जलंब-खामगाव हा रेल्वेचा फाटा खुला झाला. लिव्हरपूलच्या कापसाचा भाव जहाजातून कित्येक आठवड्यांनी यायचा, तो तारेने येऊ लागला. पण तो येत होता कुणाकडे? अडत्याकडे, कंपनीच्या माणसाकडे. बंडीत कापूस भरून रात्रभर चालत आलेल्या कुणब्याला तो भाव ठाऊक नव्हता. बाजार एकच, दिवस एकच, पण एकाचा भाव आजचा आणि दुसऱ्याचा मागच्या महिन्यातला. कापसात मार खाल्ला तो कुणबी मूर्ख होता म्हणून नव्हे, तर त्याला बातमी उशिरा कळत होती म्हणून.

तारेने भाव आला की त्यावर जुगारही आला. न्यूयॉर्कच्या कापसाचा उघडता आणि बंद होता भाव मुंबईत तारयंत्रावर यायचा, त्यावर लोक आकडे लावायचे. पुढे भाव येणे थांबले तरी आकडा राहिलाच. मटक्यातले ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तिथलेच.

घड्याळांची तऱ्हा तर त्याहून न्यारी. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली. त्याआधी रेल्वे आणि तारखाते मद्रासच्या वेळेवर चालायचे. मुंबई स्वतःच्या वेळेवर चालायची, आणि ती मद्रासच्या अर्धा तास मागे होती. आपल्या गावचा सूर्य या दोन्हींच्या मधे कुठेतरी. आजही प्रमाणवेळेच्या मानाने बार्शीटाकळीचा सूर्य सुमारे बावीस मिनिटे मागे आहे. मुंबईकरांनी तर हट्टाने आपली वेळ १९५५ पर्यंत जपली. म्हणजे त्या काळी ‘अकरा वाजता सौदा झाला’ असे कुणी म्हटले, तर कुणाचे अकरा, हे विचारावेच लागे. आमच्या गावातल्या कालंका देवीच्या हेमाडपंती देवळात शके १०९८ चा शिलालेख आहे. कोरणाऱ्याने नुसते ‘अमुक केले’ असे न लिहिता साल घातले, म्हणून आज आठशे वर्षांनंतर त्याला पुराव्याचे मोल आहे.

आधी कोण?

शेअरबाजारात घड्याळाने गरिबाचे भलेही केले आहे, हे मी मुद्दाम सांगतो. जुन्या पद्धतीत ओरडून सौदे व्हायचे. दलाल सांगेल तो भाव. सौदा सकाळच्या स्वस्त भावात झाला की दुपारच्या महागात, हे बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नव्हता. १९९४ च्या नोव्हेंबरात नॅशनल स्टॉक एक्स्चेंजमध्ये कॉम्प्युटरवर शेअरचे सौदे सुरू झाले आणि प्रत्येक सौद्यावर वेळ उमटू लागली. नियम साधा ठरला. चांगला भाव देणारा आधी, आणि भाव सारखा असेल तर ज्याची मागणी आधी आली तो आधी. छतावर उपग्रहाची थाळी बसवून गावोगावचे ब्रोकर या रांगेत उभे राहिले. तो उपग्रह आभाळात ३६ हजार किलोमीटरवर. संदेश वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागे आणि उत्तराला आणखी पाव. पण जवळपास सगळ्यांचाच संदेश आभाळातून जात होता. दादरच्या माणसाला आणि अकोल्याच्या माणसाला उशीर सारखाच होता. उशीर असूनही तो न्याय होता.

पुढे यंत्रे सौदे करू लागली आणि ‘आधी कोण’ हा प्रश्न सेकंदाच्या हजाराव्या, मग दशलक्षाव्या भागावर आला. मोठ्या दलालांनी आपले कॉम्प्युटर एक्स्चेंजच्याच इमारतीत भाड्याने जागा घेऊन ठेवले. याला को-लोकेशन म्हणतात. मुंबईच्या या एक्स्चेंजमध्ये साधारण २०१० ते २०१४ या काळात त्या जागेतल्या कॉम्प्युटरांना भाव एकामागून एक असे रांगेने पाठवले जात. सकाळी ज्याची जोडणी आधी झाली त्याला आधी. लिलावात अडत्याने मोठ्याने भाव न पुकारता प्रत्येकाच्या कानात पाळीपाळीने सांगावा, तसे हे. २०१५ त एका निनावी जागल्याने पत्र लिहून हा प्रकार उघड केला. सेबीने एप्रिल २०१९ मध्ये एक्स्चेंजला ६२४.८९ कोटी रुपये व्याजासह जमा करायला सांगितले. जानेवारी २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ती वसुली रद्द केली, मात्र पुरेशी दक्षता घेतली नाही म्हणून शंभर कोटी भरायला सांगितले. सप्टेंबर २०२४ मध्ये संगनमताचा पुरेसा पुरावा नाही, असे सांगून सेबीने त्या बाजूचे आरोप सोडून दिले. कायद्याचा निकाल कायद्याच्या जागी. मला त्यातून कळलेली गोष्ट वेगळी आहे. लबाडी सिद्ध होवो न होवो, रांगेची रचनाच अशी होती की कुणीतरी रोज आधी राहणार. २०१४ नंतर भाव सगळ्यांना एकाच वेळी सोडण्याची, म्हणजे भोंग्यावरून पुकारण्याची पद्धत आली. जे १८७० च्या कापूस बाजारात व्हायला हवे होते, ते तिथे आता झाले.

अमेरिकेत तर एका एक्स्चेंजने उलटीच युक्ती केली. येणारा प्रत्येक संदेश सुमारे ६१ किलोमीटर काचेच्या तारेच्या वेटोळ्यातून फिरवून आत घ्यायचा. अकोल्याहून खामगावच्या पुढे जाईल इतकी ती तार एका पेटीत गुंडाळून ठेवलेली आहे. सेकंदाचा एक तृतीयांश हजारावा भाग उशीर सगळ्यांना सारखा होतो, आणि शेजारी बसून आधी हात मारणाऱ्याचा फायदा बोथट होतो. उशीर वाटून देणे हाही न्यायच आहे.

आपण कुठे उभे आहोत

आता आमच्या माडीचा हिशेब मांडू. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबई आपल्याहून रस्त्याने-रुळाने सहाशे किलोमीटर धरली, तर नुसता प्रकाश जायला तीन आणि परतायला तीन, असे सेकंदाचे सहा हजारावे भाग लागतात. मधल्या यंत्रांचे थांबे धरले की ते कितीतरी पट होतात. एक्स्चेंजच्या इमारतीतला कॉम्प्युटर तेवढ्या वेळात शेकडो वेळा विचार करून मोकळा होतो. म्हणजे माझ्या पुतण्याने घड्याळ अणुघड्याळाशी जुळवले, तरी त्या शर्यतीत तो धावूच शकत नाही. तो हुशार नाही म्हणून नव्हे, तो बार्शीटाकळीत आहे म्हणून.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनचे सौदे करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. २०२३-२४ मध्ये मोठ्या दलाली संस्था आणि परदेशी गुंतवणूकदार यांना झालेल्या नफ्यातला ९६-९७ टक्के वाटा यंत्रांनी केलेल्या सौद्यांचा होता. यंत्र आपल्याही घरी आहे, म्हणून आपण त्यांच्या बरोबरीचे झालो, असे समजणाऱ्या प्रत्येक पोराने आणि त्याच्या आईबापाने हे आकडे भिंतीवर लावावेत.

मग हे बंद करावे का? मी तसे म्हणणार नाही. तार आली तेव्हा तिला विरोध करून कुणब्याचे भले झाले नसते. पण जो हा नाद करील त्याने तारबाबूची चार पथ्ये पाळावीत. घड्याळ रोज जुळवावे आणि किती जुळले याची नोंद ठेवावी. पाठवण्याआधी पोचलेला भाव दिसला की यंत्राने हात जोडून थांबावे, तो ताजा समजू नये. मिळेल त्या भावाला घ्या असा हुकूम कधी देऊ नये, आपली मर्यादा लिहूनच मागणी टाकावी. आणि ज्या धंद्यात नफा सेकंदाच्या आत ठरतो तो धंदा गावाहून करू नये. आठवड्याचा, महिन्याचा विचार करणाऱ्याला चार सेकंदांनी काही बिघडत नाही.

सरकारकडूनही अपेक्षा आहे. एक्स्चेंजची घड्याळे अणुघड्याळाशी मिलिसेकंदाच्या आत जुळवावीत, असा सेबीचा नियम आहे. देशाची प्रमाणवेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत राखली जाते. ती सर्व व्यवहारांना सक्तीची करण्याच्या नियमांचा मसुदा केंद्राने जानेवारी २०२५ मध्ये पुढे आणला. चांगले आहे. पण एक्स्चेंजचे घड्याळ बरोबर असून माझ्या पुतण्याला उपयोग काय, जर त्याच्यापर्यंत येणारा भाव वाटेत किती रेंगाळला हे त्याला कुणी सांगणारच नसेल? तारेवर आम्ही दोन्ही वेळा गिऱ्हाइकाच्या हाती देत होतो, आमचा उशीर आमच्याच सहीने कबूल करत होतो. ब्रोकरच्या पडद्यावरही भावाशेजारी तो कधीचा आहे हे ठळक दिसावे. भावाचे वय लपवून भाव विकणे, हे शिळी भाजी पाणी मारून विकण्यासारखे आहे.

पुतण्याने प्रोग्रॅम दुरुस्त केला. घड्याळात अर्ध्या सेकंदाचा फरक दिसला तरी तो आता आपोआप थांबतो. तुरीचे पैसे यंदा त्याच्या आईच्या खात्यात गेले. सौद्यांसाठी ठेवलेली रक्कम इतकी लहान आहे की ती सारी गेली तरी चूल पेटेल. बासष्ट हजार परत आलेले नाहीत, येणारही नाहीत.

परवा भावजयीने चहा ठेवता ठेवता विचारले, ‘दादा, आता सारं बरोबर हाये ना वरचं?’

मी म्हटले, ‘घड्याळ बरोबर हाये.’